दहाव्या मिनिटाचा रंग

प्रिय बडबडे,

टेंपोवाला दारात उभा असेल. आधी त्याच्याकडून चारही कॅन उतरवून घे. मग माठातलं, पातेल्यातलं, छकुलीच्या शाळेच्या बाटलीतलं, घरात जिथे जिथे पाणी भरलेलं असेल तिथलं सगळं मोरीत ओतून दे. माठ घासून घे आणि कॅनमधलं पाणी भर. हे झाल्यावर बस आणि पुढे वाच. आजपासून पिण्याला आणि स्वयंपाकाला दारातल्या हातपंपाचा थेंबही नको. अंघोळ, कपडे, फरशी यांना चालेल. उकळून घेऊ का, असं तू विचारशील, कारण तुला दिसेल ती गोष्ट उकळायची सवय आहे. उकळू नकोस. उकळलं की पाणी आटतं आणि त्यातलं आर्सेनिक होतं तेवढंच राहतं, म्हणजे पाणी उलट वाईट होतं. कॅनसोबत कागदात गुंडाळलेला एक छोटा डबा आहे. तो इतक्यात उघडू नकोस. त्याचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

घाबरलीस ना? मीही घाबरलोय, आणि ते लपवण्यात अर्थ नाही, माझं अक्षर बघूनच तू ओळखलं असशील. या आठवड्यात मी तुला तीनदा फोन केला. पहिल्यांदा उकाड्याबद्दल बोललो, दुसऱ्यांदा आईच्या गुडघ्याबद्दल. तिसऱ्यांदा फोन छकुलीने घेतला, तर मी तिला सतराचा पाढा म्हणायला लावला. तिने तो बिनचूक म्हटला आणि वर, मामा तुला तरी येतो का, म्हणून माझीच फिरकी घेतली. फोन ठेवून मी केंद्रावरच्या पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहिलो. तुमचा आवाज ऐकला की माझी दातखीळ बसते. लहानपणी तुझी नवी सायकल मी खड्ड्यात घातली तेव्हाही मी तुला चिठ्ठीच लिहिली होती, आठवतं? शुद्धलेखनाच्या चार चुका काढून तू ती मला परत दिली होतीस. या पत्रातल्याही काढ. मला बरं वाटेल.

तुझं मागचं पत्र माझ्या खिशात आहे, घड्यांवर फाटायला आलंय. सात पानं. छकुलीचा हलणारा दात, सासूबाईंचा नवा चष्मा आणि त्यातून त्यांना अचानक दिसू लागलेली तुझ्या घरातली धूळ, शेजारणीने नेलेली आणि दांडा मोडून परत दिलेली कढई. या सगळ्याच्या मधे तीन ओळी. तळपायांना चार-पाच कुरपं झालीत, औषधाच्या दुकानातून पट्ट्या आणून लावते, एक जातं तर दोन येतात. तळहातही खरखरीत झालेत, आमचे सुतार म्हणतात आता पॉलिश पेपर आणायला नको, हिच्या हातानेच फळी घासून घेतो. आणि पुढे तू लिहिलंस, कुरूप बाईच्या पायाला कुरूप, शोभून दिसतं. मी हसलो. चहाचा कप हातात होता, चहा सांडला इतका हसलो. मग त्या ओळी पुन्हा वाचल्या आणि कप खाली ठेवला.

कुरूप एका जागी होतं गं, चप्पल घासते तिथे. दोन्ही तळपायांना आणि त्याच वेळी दोन्ही तळहातांना होत नाही. मी वर्षानुवर्षं लोकांना तळहातांचे फोटो दाखवत आलोय. घरोघरी जाऊन सांगायचो, बघा, असे बारीक खड्यांसारखे उंचवटे आले, छातीवर पाठीवर काळे-पांढरे ठिपके दिसले, तर लगेच डॉक्टरकडे जा आणि पाणी बदला. परक्या माणसांचे हात मी उलटेपालटे करून बघितलेत. तुझा हात मी शेवटचा कधी बघितला ते मला आठवत नाही. येतो, जेवतो, छकुलीशी पत्ते खेळून हरतो आणि कॅन उचलून निघतो.

तू आमचं केंद्र कधी पाहिलं नाहीस, म्हणून सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. जमिनीतलं पाणी आम्ही वरच्या टाकीत चढवतो. तिथून ते भोकं पाडलेल्या पत्र्यांवरून धारांनी खाली पडतं आणि त्यात हवा मिसळते. हवा लागली की पाण्यातलं लोखंड गंजतं, तांबूस गाळ होऊन तळाशी बसतं आणि बसताना थोडं आर्सेनिक सोबत घेऊन जातं. मग वाळूचा थर. आणि शेवटी माणसाच्या उंचीचं पोलादी पिंप, त्यात काळपट दाणे. उरलेलं आर्सेनिक त्या दाण्यांना चिकटतं. पण दाणे काही महिन्यांनी भरतात. भरले की नळाला विष पुन्हा यायला लागतं, आणि पाणी मात्र कालच्यासारखंच नितळ. रंग नाही, वास नाही, चव नाही. तीन वर्षांत एकही दिवस असा गेला नाही की मी तो नळ सोडताना मनातून टरकलो नाही. समोर रांगेत लेकुरवाळ्या बायका उभ्या असतात आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, नळाकडे बघतात.

म्हणून दर सोमवारी पट्टी लावायची. बाटलीत नळाचं पाणी, त्यात दोन पुड्या, बुचाच्या आत पांढरी पट्टी. पुड्यांमुळे पाण्यातून वायू निघतो आणि तो पट्टीला रंग चढवतो. घड्याळ लावून वीस मिनिटं थांबायचं आणि मग पट्टी तक्त्यावरच्या सात चौकोनांशी ताडून बघायची. पहिला चौकोन पांढरा, सातवा गडद तपकिरी. पहिल्या दोनपर्यंत पाणी चांगलं, त्यापुढे नाही. रंग सावकाश चढतो, म्हणून वीस म्हणजे वीस. रांगेतल्या बायका कॅन आपटतात, अहो, पट्टी शिजली का, म्हणून ओरडतात, पण मी एकोणिसाव्या मिनिटालाही बूच उघडत नाही. त्यांनी माझं आडनावच ठेवलंय, वीसमिनिटे. तूही मागे पाकिटावर श्री. वीसमिनिटे असं लिहिलंस आणि पोस्टमनने ते बरोबर माझ्याच हातात आणून दिलं. ते पाकीट आईने जपून ठेवलंय. मी ते परवा कपाटात बघितलं आणि उलटं करून ठेवलं.

साठलेला तांबूस गाळ आम्ही सिमेंटच्या खड्ड्यात टाकतो. खड्ड्यावर झाकण, झाकणाला कुलूप. लोकांना वाटतं आम्ही विष नाहीसं करतो. नाहीसं होत नाही. एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवतो आणि किल्ली खिशात घालतो, एवढंच आमचं काम.

आता तुमच्या पंपाचं. तुमच्या पाण्यात लोखंड जवळजवळ नाहीच. पांढऱ्या कपड्यांवर डाग नाही, चहाला काळा तवंग नाही, तोंडात गंजाची चव नाही. आपल्याकडे अशा पाण्याला गोड म्हणतात, आणि गोड म्हटलं की माणूस पुढे काही विचारतच नाही. आईला केंद्राचं पाणी पांचट लागतं. दर वेळी तुझ्याकडे निघालो की ती म्हणणार, येताना लेकीच्या घरचं गोड पाणी आण. आणि मी, वीसमिनिटे, ज्याच्या हातचं पाणी अर्धं गाव डोळे मिटून पितं, तो तुझ्या पंपाचं पाणी पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून आईसाठी घेऊन येत होतो. पंप हिरवाच होता ना. अकरा वर्षांपूर्वी मीच तो रंगवला होता. तेव्हा मी पेटी खांद्याला लावून घरोघरचे पंप तपासत फिरायचो. पाणी चांगलं असेल तर पंपाला हिरवा रंग, वाईट असेल तर लाल. तुमच्या गल्लीत तेवढा एकच हिरवा निघाला, आणि लग्नानंतर सगळी गल्ली तुला हिरव्या पंपाची सून म्हणायला लागली. तुला ते आवडायचं. मलाही आवडायचं.

यापुढचं मेहुण्यांना आणि सासूबाईंना लगेच वाचून दाखवू नकोस. दोन वर्षांपूर्वी तुझे सासरे अंथरुणाला खिळले होते तेव्हा मी भेटायला आलो होतो. तू स्वयंपाकघरात होतीस. त्यांनी मला जवळ बसवलं, माझा हात धरला आणि छकुलीच्या शाळेचं काहीतरी सांगत राहिले. त्यांच्या उजव्या तळव्यावर अंगठ्याखाली एक जखम होती, कडा उललेल्या. वर्ष झालं, बरीच होत नाही, म्हणाले, पटाशी लागली होती. पण पटाशी हातात धरणं त्यांनी त्याच्याही तीन वर्षं आधी सोडलं होतं, तेच मला मागे म्हणाले होते की आता सगळं काम पोरगा बघतो. तळवा सगळा खडबडीत होता. माझ्या बोटांना ते कळलं, बडबडे. कळलं आणि मी हात सोडवून घेतला, उठलो आणि खोलीत उकडतंय म्हणून खिडकी उघडली. सुताराचा हात असाच असायचा, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला बजावत होतो. ते पाण्यानेच गेले असं मी म्हणत नाही, ते डॉक्टरांनी सांगायचं. पण मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर तुम्हाला दोन वर्षं आधी कळलं असतं. छकुली तेव्हा सहा वर्षांची होती.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी दुपारी मी आईच्या कॅनमध्ये उरलेलं पाणी केंद्रावर नेलं. रांग संपली होती. कॅन चांगला हलवला, बाटली भरली, पुड्या टाकल्या, बूच लावलं आणि समोर स्टूल घेऊन बसलो. बूच उघडायचं नाही, पण आमच्या नव्या पेटीतलं बूच पारदर्शक आहे, पट्टी बाहेरून दिसते. पाचव्या मिनिटाला काही नाही. दहाव्या मिनिटाला फिकट पिवळी, दुसऱ्या चौकोनासारखी. मला त्या क्षणी देवाचे पाय धरावेसे वाटले, म्हटलं, बघ, उगाच घाबरलास. मग बाराव्या मिनिटाला ती लिंबाच्या सालीसारखी झाली. पंधराव्याला मातकट. मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. विसाव्या मिनिटाला तक्ता हातात घेतला तेव्हा सहाव्या चौकोनावर पट्टी ठेवली तर त्या रंगात तिच्या कडा दिसेनात. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, नव्या पेटीतल्या पुड्यांनी. तिसऱ्या दिवशी आमच्या साहेबांना समोर बसवून केलं. तिन्ही वेळा सहावा.

साहेब माणूस चांगला आहे. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, अकरा वर्षांत जमिनीतलं पाणी खूप खाली गेलंय, खालच्या थरातलं पाणी वर यायला लागलं की असं होतं, तुम्ही तपासलंत तेव्हा ते चांगलंच असणार. कॅनची व्यवस्थाही त्यांनीच लावून दिली, पुढच्या महिन्यापासून तुमच्या गल्लीत टेंपो रोज येईल. आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही, पाणी बदलतं, मी स्वतः बदललेले पंप पाहिलेत. तुला मी एवढंच लिहिलं असतं तर तू विश्वास ठेवला असतास. पाणी बदललं, दादाने वेळेवर ओळखलं, दादा किती जपतो. तू गल्लीभर सांगत फिरली असतीस. हे पत्र मी आधी तसंच लिहिलं होतं, दोन पानी, नीटनेटकं. तुझ्या हाताचं तेवढं वाक्य आलं आणि पेन पुढे जाईना. ते फाडून टाकलं.

आता करायच्या गोष्टी, विसरू नकोस. तुझी आणि छकुलीची नखं काप आणि वेगवेगळ्या कागदांत बांधून वर नावं लिही. गेल्या कित्येक महिन्यांचं पाणी नखांत सापडतं. तिच्या पाठीवर ठिपके आहेत का ते उजेडात उभं करून बघ, पण तिला घाबरवू नकोस, खेळ म्हणून बघ. गुरुवारी कातडीच्या डॉक्टरांकडे जायचंय, मी नंबर लावलाय, मेहुण्यांनाही सोबत घे. डॉक्टर मला म्हणाले की पाणी बदललं की पुढचं थांबतं, आणि मुलांचं शरीर लवकर सावरतं. मी त्यांना हे तीनदा म्हणायला लावलं. आलेलं सगळं जाईलच असं मात्र ते म्हणाले नाहीत. आणि पंपाच्या दांड्याला आजच फडकं बांध. शेजारच्या दोन घरांनाही सांग, तेही तुमच्याचकडून नेतात, हिरवा म्हणून.

राहिली एक गोष्ट. माझ्या त्या वेळच्या वह्या माळ्यावर होत्या. काल काढल्या. प्रत्येक पंपापुढे पाण्यात पुड्या टाकल्याची वेळ आणि पट्टी काढल्याची वेळ मी लिहायचो. चारशे बारा पंप आहेत. चारशे अकरा ठिकाणी दोन वेळांमध्ये वीस मिनिटं आहेत. तुमच्या घराच्या नावापुढे लिहिलंय, अकरा वाजून दहा मिनिटं, अकरा वाजून वीस मिनिटं. माझ्याच अक्षरात. मी विसरलो होतो असं लिहिणार होतो, पण विसरलो नव्हतो, नाहीतर तीच वही मी आधी का उघडली असती? त्या दिवशी तुझे सासरे मला ओट्यावर बसा म्हणाले, आणि शेडमध्ये रंधा मारणारा त्यांचा मुलगा कोणी न सांगता उठला, माझ्यासाठी स्टूल आणलं, त्यावरचा भुसा आपल्या बाहीने पुसला आणि एक शब्द न बोलता परत कामाला लागला. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि माझ्या मनात तू आलीस. एवढं बोलणाऱ्या मुलीला एवढा ऐकून घेणारा नवरा कुठे मिळणार, असं वाटलं. आणि लाल पंपाच्या घरात मी माझी बहीण दिली नसती, हे मला ठाऊक होतं. दहाव्या मिनिटाला मी बूच उघडलं. पट्टी फिकट पिवळी होती आणि मला ती तेवढीच हवी होती. आणखी दहा मिनिटं थांबायची मला भीती वाटली, बडबडे. पाणी अकरा वर्षांत बदललं असेल किंवा नसेल, ते आता कोणीच सांगू शकणार नाही, कारण ती दहा मिनिटं मी पुरी केली नाहीत. घाईने ब्रश काढला आणि पंप हिरवा केला, आणि पुढच्याच महिन्यात तुझा फोटो घेऊन त्यांच्या घरी गेलो. तेव्हापासून मी प्रत्येक पट्टीला वीस मिनिटं देतो ती माझ्या शिस्तीमुळे नाही. आता डबा उघड. त्यात लाल रंग आहे. मी रविवारी सकाळी येतोय, सोबत पेटी आणि ब्रश घेऊन. गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर पंप लाल झालेला दिसला तर मी समजेन की तुला मी दारात नकोय, आणि नवे कॅन शेजारच्या ओट्यावर ठेवून परत जाईन. गुरुवारी तुझ्यासोबत डॉक्टरांकडे कोणी यायचं तेही तूच ठरव. पण तो अजून हिरवाच असेल, तर छकुलीच्या हातात घड्याळ दे, मेहुण्यांना सांग मला एक स्टूल आणून दे म्हणून, आणि तू माझ्यासमोर बस. पट्टी लागल्यापासून वीस मिनिटं तुला जे बोलायचं ते बोल, एकही मिनिट कमी नको. गप्प मात्र बसू नकोस. ते मला सोसणार नाही.

तुझाच,
दादा